शेकडा कशाचा? किती दिवसांचा?

आपल्याला अक्षरे आली, अंक आले. आता त्यांचा घरच्या कामाला उपयोग करून घ्यायचा. बियाणे घ्यावे लागते, माल विकावा लागतो, अडीअडचणीला उसनवारी करावी लागते. अशा वेळी कोणी 'शेकडा तीन' म्हणतो, कोणी 'सवाईने' म्हणतो, कोणी 'तिसरा हिस्सा कापला' म्हणतो. आपण मान हलवतो. मान हलवण्याआधी हिशेब कसा करावा, ते या पाठात पाहू. उदाहरणे धारणीच्या बाजारातली आणि मेळघाटातल्या गावांतली आहेत. त्यांतले भाव समजण्यापुरते धरले आहेत. आपल्या गावचा भाव घालून तोच हिशेब करावा.

पाव, अर्धा, पाऊण

अपूर्णांक म्हटले की माणूस बिचकतो. पण पाव किलो गूळ, अर्धा लिटर तेल, पाऊण एकर शेत, हे आपण रोज बोलतो. हेच अपूर्णांक. जुने लोक शाळेत न जाताही पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ म्हणत.

पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. तेव्हापासून टक्का समजणे सोपे झाले. टक्का म्हणजे शंभरातला एक भाग, म्हणजेच रुपयामागे एक पैसा. चार आणे म्हणजे पाव रुपया, म्हणजे पंचवीस पैसे. म्हणून पाव म्हणजे २५ टक्के, अर्धा म्हणजे ५० टक्के, पाऊण म्हणजे ७५ टक्के. शेकडा आणि टक्का हे एकच.

शेकड्याची गोष्ट निघाली की दोन प्रश्न विचारायचे. कशाचा शेकडा? आणि किती दिवसांचा? हे दोन प्रश्न विचारले नाहीत तर पुढचा सारा हिशेब समोरच्याच्या हातात जातो.

उदाहरण पहिले : व्याज

मृगाच्या तोंडावर एका शेतकऱ्याला ८,००० रुपये हवे होते. देणारा म्हणाला, "शेकडा तीनच तं आहे, भाऊ. लय नाही." शेतकऱ्याला वाटले, शंभराला तीन रुपये म्हणजे आठ हजारांना २४० रुपये. पैसे घेतले. संक्रांतीला फेडायला गेला तेव्हा व्याजच १,६८० रुपये निघाले.

हे कसे झाले? देणारा महिन्याचा शेकडा सांगत होता. आपण रीत पाहू.

आठ हजारांत शंभर किती वेळा? ८० वेळा.
एका महिन्याचे व्याज : ८० × ३ = २४० रुपये.
जूनपासून जानेवारीपर्यंत सात महिने : २४० × ७ = १,६८० रुपये.
पूर्ण वर्ष ठेवले तर : २४० × १२ = २,८८० रुपये.

म्हणजे महिन्याला शेकडा ३ हा दर सालाला शेकडा ३६ झाला. बँकेत आणि सोसायटीत दर सालाचा सांगतात. त्याला 'दर साल दर शेकडा' म्हणतात. महिन्याचा दर कोणी सांगितला तर आधी त्याला बाराने गुणावे, मगच तुलना करावी.

आता तुलना करू. केंद्र शासनाच्या सवलतीचे पीक कर्ज सालाला ७ टक्क्यांनी मिळते. वेळेवर फेडले तर आणखी ३ टक्के सूट मिळून ४ टक्केच पडतात. ८,००० रुपयांचे ४ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ८० × ४ = ३२० रुपये. तिकडे २,८८०, इकडे ३२०. नऊपट फरक! आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाने राज्य शासनाची पीक कर्जाची व्याज सवलत योजना आहे. आपल्याला ती लागू आहे का, ते सोसायटीत किंवा बँकेत विचारावे. पण सूट वेळेवर फेडणाऱ्याला असते. शेवटची तारीख घरात दिसेल अशी लिहून ठेवावी.

उदाहरण दुसरे : सवाई

आषाढात घरातली कणगी रिकामी झाली. एका बाईने ४० किलो ज्वारी सवाईने आणली. मार्गशीर्षात नवे पीक आल्यावर परत द्यायची. सवाई म्हणजे एकाचे सव्वा. चाळीसची पावकी १०. म्हणून परत द्यायची ज्वारी ५० किलो.

१० किलो जास्त म्हणजे २५ टक्के. किती दिवसांचे? पाच महिन्यांचे. महिन्याला ५ टक्के झाले, सालाला ६० टक्के. 'सवाई' हा शब्द कानाला हलका लागतो, पण महिन्याच्या शेकडा तीनपेक्षाही तो जड आहे. नड असली तर माणूस घेतो, त्याला दोष नाही. पण गरज २० किलोची असेल तर ४० आणू नयेत, हे हिशेबाने कळते.

उदाहरण तिसरे : कडता

एका शेतकऱ्याने ३ क्विंटल सोयाबीन विकले. भाव क्विंटलला ४,००० रुपये धरू. पुरे पैसे १२,००० रुपये व्हायला हवेत. व्यापाऱ्याने क्विंटलमागे २ किलो कडता धरला आणि रोख देतो म्हणून आणखी शेकडा २ कापले.

कडता ६ किलो. किलोला ४० रुपये, म्हणून २४० रुपये गेले. राहिले ११,७६०.
त्याचे शेकडा २ म्हणजे २३५ रुपये २० पैसे गेले.
हातात आले ११,५२४ रुपये ८० पैसे.

इथे 'कशाचा शेकडा?' हा प्रश्न कामाला येतो. पहिला शेकडा वजनाचा, दुसरा पैशाचा. ऐकायला दोन-दोनच, पण मिळून ४७५ रुपये २० पैसे गेले. म्हणून हिशेबपट्टी मागून घ्यावी आणि प्रत्येक कपातीपुढे विचारावे, "ही कोणत्या नियमाने?" उत्तर पटले नाही तर बाजार समितीत विचारावे.

उदाहरण चौथे : न सांगितलेली रक्कम

आता थोडे बीजगणित. नाव मोठे आहे, काम सोपे आहे. जी रक्कम माहीत नाही तिला 'क्ष' असे नाव द्यायचे आणि माहीत असलेल्या गोष्टींवरून तिला शोधून काढायचे.

एक नवरा-बायको बाहेरगावी मजुरीला गेले होते. होळीला घरी परतायचे म्हणून मुकादमाकडे हिशेब मागितला. तो म्हणाला, "तिसरा हिस्सा उचलीत गेला, चौथाई किराण्यात गेली. हे घ्या उरलेले साडेसात हजार." एकूण मजुरी किती धरली, ते त्याने सांगितलेच नाही.

एकूण मजुरीचे बारा वाटे करू. तिसरा हिस्सा म्हणजे ४ वाटे. चौथाई म्हणजे ३ वाटे. गेले ७ वाटे, उरले ५ वाटे. पाच वाट्यांचे ७,५०० रुपये, म्हणून एका वाट्याचे १,५००. बारा वाट्यांचे १८,०००. हेच क्ष वापरून असे लिहितात :

क्ष − क्ष/३ − क्ष/४ = ७,५००
५/१२ क्ष = ७,५००
क्ष = १८,०००

ताळा करून पाहू. उचल ६,०००, किराणा ४,५००, हातात ७,५००. बेरीज १८,०००. बरोबर.

मजुरी माणशी रोज ३०० रुपये ठरली होती. दोघांचे रोजचे ६००. म्हणजे मुकादमाने ३० दिवस धरले. पण बाईने रोज संध्याकाळी वहीत एक रेघ मारली होती. रेघा निघाल्या ३६! सहा दिवसांचे ३,६०० रुपये कमी आले होते. उचल आणि किराणा तेवढाच होता, त्यात वाद नव्हता. वाद सहा दिवसांचा होता, आणि वही पुढे ठेवून तोच मागता आला. क्ष सापडला म्हणून हे कळले, आणि रेघा होत्या म्हणून ते दाखवता आले.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा २०१४ साली झाला. सावकाराला परवाना लागतो. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे. शासनाने २०१४ साली दरही ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर सालाला शेकडा ९, बिनतारणी शेकडा १२. वरच्या ३६ टक्क्यांशी हे आकडे ताडून पाहा. दामदुपटीचा नियम तर आपल्याकडे फार जुना आहे. थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त मागू नये, असा तो नियम. भरलेल्या पैशाची पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. तक्रार असेल तर तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात जावे.

सोडवून पाहा

१. ५,००० रुपये महिन्याला शेकडा २ ने घेतले. नऊ महिन्यांचे व्याज किती?
२. ५०० रुपयांच्या लुगड्याची किंमत दुकानदाराने आधी शेकडा २० वाढवली, मग 'शेकडा २० सूट' अशी पाटी लावली. आता ते लुगडे कितीला पडेल?
३. मोहाची फुले विकून आलेल्या पैशातला पाचवा हिस्सा मीठ-तेलाला गेला. ९६० रुपये उरले. एकूण किती आले होते?

उत्तरे : १) ९०० रुपये. २) ४८० रुपये. सूट २० रुपयांचीच झाली, कारण दुसरा शेकडा ६०० चा आहे. ३) १,२०० रुपये.

उत्तर चुकले तर पुन्हा करावे. शेजारच्या माणसालाही शिकवावे. आणि बाजाराला निघताना पिशवीबरोबर एक छोटी वही आणि पेन्सिल घ्यावी.