बांधावरचा भाव आणि बाजारातला नफा : अलाउद्दीन खिलजीच्या दिल्लीतील धान्यव्यापार

धान्य स्वस्त असताना घ्यावे आणि महाग झाल्यावर विकावे, हा व्यापाराचा जुना नियम आहे. त्यातून मिळणाऱ्या नफ्याला कोणी कष्टाचे मोल म्हणते, तर कोणी साठेबाजी. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या एका सुलतानाने असा नफा जवळजवळ संपुष्टात आणण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात ग्राहकाला स्वस्ताई मिळाली. शेतकऱ्याला मात्र काय मिळाले, हा प्रश्न शेतमाल विपणनाशी संबंधित प्रत्येकाने विचारात घ्यावा असा आहे.

स्वस्ताईची गरज का भासली?

अलाउद्दीन खिलजीची कारकीर्द 1296 ते 1316 अशी वीस वर्षांची. 1303 मध्ये तार्गी या मंगोल सरदाराच्या सैन्याने दिल्लीला वेढा घातला, शहराकडे येणारे मार्ग अडवले आणि रसद तुटली. वेढा उठल्यावर मोठे कायमस्वरूपी घोडदळ बाळगण्याचे सुलतानाने ठरवले. घोडेस्वाराचे वार्षिक वेतन 234 टंके, आणि दुसरा घोडा बाळगणाऱ्यास 78 टंके अधिक, असे निश्चित झाले. एवढ्या वेतनात स्वाराचा निर्वाह व्हायचा तर अन्नधान्य स्वस्त असणे भाग होते. चौदाव्या शतकातील इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने भावनियंत्रणामागे हेच कारण दिले आहे. सूफी संत नसिरुद्दीन चिराग देहलवी यांच्या संभाषणांच्या संग्रहात मात्र प्रजेचे कल्याण हा सुलतानाचा हेतू असल्याचे सांगितले आहे.

बरनीने नोंदवलेले प्रतिमण भाव असे : गहू साडेसात जितल, जव 4, तांदूळ 5, हरभरा 5 आणि उडीद 5. एका टंक्याचे सुमारे 48 जितल होत. त्या काळचा दिल्लीचा मण आपल्याकडील जुन्या मणापेक्षा बराच लहान, साधारण 12 ते 15 किलोचा होता.

पुनर्विक्रीच्या नफ्याचे तीन आधार

माल विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्याचा नफा तीन गोष्टींवर उभा असतो : अंतर, काळ आणि माहिती. जेथे माल मुबलक तेथून तो टंचाईच्या ठिकाणी नेणे, सुगीत साठवून तुटवड्यात विकणे आणि भावाची बातमी इतरांच्या आधी मिळवणे. दिल्लीच्या व्यवस्थेने या तिन्हींवर ताबा मिळवला.

अंतराचा व्यवहार बैलांचे तांडे चालवणाऱ्या धान्यवाहकांच्या हाती होता. त्यांच्या पुढाऱ्यांना नायक म्हणत. काही नायकांकडे दहा-वीस हजार बैल असल्याचा उल्लेख समकालीन साहित्यात आढळतो. पुढील काळातील बंजारा समाजाचे हे पूर्वसूरी असावेत, असे अनेक इतिहासकार मानतात. या धान्यवाहकांना मलिक कबूल या बाजार-अधिकाऱ्याच्या, म्हणजे ‘शहना-इ-मंडी’च्या, अधीन करण्यात आले. त्यांना बायकामुले व गुराढोरांसह यमुनाकाठच्या गावांत वसवले गेले आणि त्यांच्याकडून एकमेकांसाठी जामीन घेण्यात आले.

काळाचा लाभ रोखण्यासाठी साठवणुकीवर बंदी आली. या गुन्ह्याचे नाव ‘इहतिकार’. मणभर वा अर्धा मण धान्यही भाववाढीच्या आशेने दडवून ठेवता येत नसे. पकडलेले धान्य जप्त होई व साठवणाऱ्यास शिक्षा होई. त्याच वेळी राज्याने स्वतः मोठा साठा केला. गंगा-यमुनेच्या दुआबातील खालसा गावांचा सारा धान्यरूपाने घेऊन दिल्लीच्या कोठारांत भरला जाई. पाऊस कमी झाला की हा साठा बाजारात येई आणि ग्राहकाला एका वेळी ठरावीक मर्यादेतच धान्य मिळे.

माहितीसाठी तीन स्वतंत्र मार्ग होते. शहना, बातमीदार आणि गुप्त हेर यांचे अहवाल रोज सुलतानाकडे जात व त्यांचा मेळ घातला जाई. अवर्षणाच्या काळात भाव अर्ध्या जितलने वाढवावा असे सुचवणाऱ्या अधिकाऱ्यालाच वीस फटके बसल्याचे बरनी सांगतो.

जेथे भावात तफावत, तेथे पुनर्विक्री

कापडाच्या बाजाराचा अनुभव विशेष बोलका आहे. दिल्लीत ठरवलेला भाव बाहेरच्या भावापेक्षा कमी असल्याने व्यापारी माल आणण्यास उत्सुक नव्हते. अखेर मुलतानी व्यापाऱ्यांना खजिन्यातून 20 लाख टंके देऊन कापड आणवावे लागले. ते स्वस्तात घेऊन बाहेर चार-पाच पट किमतीला विकले जाऊ नये, म्हणून उंची वस्त्रांसाठी परवाना आवश्यक ठरला. घोड्यांच्या बाजारात तर विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या व्यापाऱ्यांना मज्जावच करण्यात आला आणि प्रमुख दलालांना दूरच्या किल्ल्यांत पाठवण्यात आले. दोन बाजारांतील भावात तफावत राहिली की तिचा लाभ घेणारा कोणीतरी पुढे येतोच. त्याला रोखण्यासाठी प्रत्येक नियमामागे आणखी एक नियम करावा लागला.

शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले?

या व्यवस्थेचे खरे ओझे दुआबातील शेतकऱ्यावर पडले. साऱ्याचा दर उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत पोचला होता. साऱ्याची वसुली इतकी कडक ठेवावी, की शेतकऱ्याला धान्य घरी न नेता शेतावरच ठरलेल्या भावाने धान्यवाहकांना विकावे लागेल, असा हुकूम होता. तशी लेखी हमी अधिकाऱ्यांकडून घेतली जाई. उरलेले धान्य शेतकऱ्याने स्वतः मंडीत आणण्यास मुभा होती, पण तेथेही सरकारी भावानेच विक्री करावी लागे. म्हणजेच साठेबाजाचा नफा बंद करताना शेतकऱ्याची थांबण्याची क्षमताही काढून घेतली गेली. माल केव्हा, कोठे आणि कोणाला विकायचा, यांपैकी एकही निर्णय त्याच्या हाती उरला नाही.

अवर्षणातही भाव स्थिर राहिले, हे बरनीला त्या युगातील आश्चर्य वाटले. त्याने हा वृत्तान्त सुमारे चार दशकांनंतर, 1357 च्या सुमारास पूर्ण केला. त्याची दृष्टी राजधानीतील उच्चवर्गाची होती. दुआबातील शेतकऱ्याचे म्हणणे त्यात नाही. 1316 मध्ये सुलतान मरण पावला. पुत्र कुतुबुद्दीन मुबारक शाह याच्या कारकिर्दीत नियम सैल होताच भाव पुन्हा वाढले. धाकावर टिकलेली व्यवस्था धाकाबरोबरच संपली.

आजच्यासाठी बोध

सातशे वर्षांपूर्वीच्या दिल्लीतून उपाय उसने घेता येत नाहीत, पण निदान मात्र घेता येते. अंतर, काळ आणि माहिती ही नफ्याची तीन उगमस्थाने आजही तीच आहेत. खिलजीच्या व्यवस्थेने ती राज्याच्या हाती एकवटली. आज त्यांतील काही वाटा शेतकऱ्याकडे वळवणे शक्य आहे. गटाने एकत्र वाहतूक केल्यास अंतराचा, गोदामातील शेतमालावर तारण कर्ज घेतल्यास काळाचा आणि 2016 मध्ये सुरू झालेल्या ई-नामसारख्या मंचावर अनेक बाजारांचे भाव पाहिल्यास माहितीचा लाभ उत्पादकाला मिळू शकतो.

सुगीच्या तोंडावर देणी भागवण्यासाठी घाईने माल विकणारा शेतकरी आजही दिसतो. त्याला बांधावर विक्री करण्यास भाग पाडणारा हुकूम आता नाही, पण पैशाची निकड तेच काम करते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी पेरणीच्या सल्ल्याबरोबरच विक्रीचे नियोजनही हंगामापूर्वी हाती घ्यावे. किती माल लगेच विकायचा, किती साठवायचा आणि देणी कशातून भागवायची, याचा हिशेब पीक उभे असतानाच मांडला गेला, तर काही काळ थांबण्याचे बळ शेतकऱ्याला मिळेल. दुआबातील शेतकऱ्याकडून नेमके तेच काढून घेतले गेले होते.