इंजिनाच्या बीडास गेलेला तडा व त्याची दुरुस्ती

ट्रॅक्टर असो वा विहिरीवरील तेलइंजिन असो, त्याचा मुख्य ठोकळा तडकला असे कळताच पुष्कळ शेतकरी तो मोडीत घालतात, नाही तर जवळच्या कारागिराकडून त्यावर घाईने वेल्डिंग करून घेतात. पहिल्या मार्गाने पैसा जातो. दुसऱ्याने पैसा तर जातोच, शिवाय दुरुस्त होण्याजोगा ठोकळाही पुष्कळदा कायमचा निकामी होतो. म्हणून बीड का तडकते व ते कसे जोडावे, ह्याचा विचार येथे केला आहे.

बीडात शेकडा सुमारे ३ भाग कार्बन असतो व तो बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, पण ताण त्यास सोसत नाही. पाणी आटून तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले, की एक भाग आकसतो, दुसरा फुगलेलाच राहतो, आणि मध्ये तडा जातो. हिमाचलासारख्या थंड प्रदेशात आतील पाणी गोठूनही ठोकळे फुटतात. कारण पाण्याचे बर्फ होताना ते शेकडा सुमारे ९ ने फुगते.

घाईच्या वेल्डिंगने हेच संकट पुन्हा ओढवते. जोडाची जागा लाल होते, भोवतालचे बीड थंडच राहते. जोड निवताना आकसतो आणि शेजारीच नवा तडा पडतो. शिवाय एकदम निवालेले बीड इतके कठीण व ठिसूळ होते की त्यास कानस लागत नाही.

तथापि फुटलेले मोठे ओतकामही दुरुस्त होऊ शकते, ह्यास इतिहासात दाखला आहे. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी इंजिनांची बीडाची सिलिंडरे फोडून ठेविली होती. अमेरिकन आरमाराने ती विजेच्या वेल्डिंगने सांधली, व ‘बार्बारोसा’, ‘प्रिन्झेस इरेन’ इत्यादी जहाजे नवी नावे धारण करून अमेरिकन सैन्य युरोपात नेऊ लागली.

आज दोन रीती विश्वासाच्या आहेत. पहिलीत सबंध ठोकळा भट्टीत सुमारे ५०० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून जोडतात व राखेत किंवा वाळूत पुरून अगदी सावकाश निवू देतात. दुसरीत उष्णता मुळीच लागत नाही. तड्याची दोन्ही टोके भोके पाडून थांबवितात. तड्यास आडव्या खाचा पाडून त्यांत निकेलमिश्रित धातूच्या कड्या ठोकून बसवितात. नंतर तड्याच्या रेषेवर आटे पाडून, एकमेकांवर थोडे चढतील असे आट्यांचे खिळे घट्ट पिळतात व घासून सपाट करितात. गोधडीस टाके घालावे तसेच हे काम होय. बाहेरील पाण्याच्या कोशास गेलेल्या तड्यास ही रीत फार सोयीची पडते.

तडा कोठे आहे, ह्यावर मात्र सर्व अवलंबून आहे. तो सिलिंडरच्या आत असल्यास नवी नळी बसवून कित्येकदा काम भागते. परंतु मुख्य दांड्याच्या बेअरिंगच्या बैठकीत असल्यास ठोकळा बदलणेच बहुधा शहाणपणाचे ठरते. पाणी वारंवार कमी होऊ लागले किंवा इंजिनाचे तेल ताकासारखे पांढुरके दिसू लागले, तर आत तडा गेल्याचा संशय घ्यावा. मात्र गॅस्केट फुटल्यानेही हीच लक्षणे दिसतात, हे ध्यानात ठेवावे. ठोकळा उघडल्यावर स्वच्छ जागेवर रॉकेल लावून, काही वेळाने ते पुसून वर खडूची भुकटी पसरावी; तड्यात मुरलेले रॉकेल वर येऊन त्याची रेषा स्पष्ट उमटते.

काम देण्यापूर्वी कारागिरास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: ठोकळा तापविणार कसा, निवविणार कसा, आणि दुरुस्तीनंतर पाण्याच्या कोशात दाब देऊन गळती तपासणार की नाही. ह्यांची समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास ठोकळा तेथे न ठेविता परत आणावा. तडकलेला ठोकळा पुढेही दुरुस्त होऊ शकतो. चुकीचे वेल्डिंग झालेला मात्र क्वचितच.