कूलरचं पाणी

कुंडीच्या काठाला आतून एक पांढरी रेघ उमटली होती. नखाने खरवडली तर मिठासारखी भुकटी हाताला लागली. त्या कुंडीत पीस लिली होती आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक पानाचं टोक जळाल्यासारखं तपकिरी झालं होतं. मे महिना, शिरपुरात पारा 44 च्या आसपास. ऊन लागलं असणार, असंच मी धरून चालले. कुंडी खिडकीपासून आत सरकवली, पाणी वाढवलं. आठ दिवसांत आणखी तीन पानांची टोकं गेली.

दोष पाण्याचाच होता, पण कमी-जास्तीचा नव्हे. आमच्याकडे मार्चअखेर कूलर सुरू होतो तो पाऊस पडेपर्यंत. टाकी धुताना तळाचं पाणी गटारीत सोडायचं जिवावर येतं. खान्देशात उन्हाळे काढलेल्या कोणालाही येईल. ते पाणी मी बादलीत भरून कुंड्यांना घालत होते. कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. बोअरचं पाणी आधीच जड. त्यात रोज नवी भर पडते, रोज वाफ होते, आणि उरलेलं पाणी दिवसागणिक खारं होत जातं. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर चढतो, तोच माझ्या कुंडीच्या काठावर चढला होता.

मुळांभोवती क्षार साठले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पानाच्या टोकाशी क्षार गोळा होतात आणि तिथूनच पान वाळायला लागतं. म्हणजे मी पाणी वाढवत होते आणि झाड तहानलेलं होतं. हे कळलं त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं. आरओच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची गतही तीच. ते फरशी पुसायला वापरावं, कुंडीत ओतू नये.

उपाय सोपा, पण वेळखाऊ. कुंडी मोरीत ठेवायची आणि नळाचं गोडं पाणी वरून सावकाश सोडत राहायचं, कुंडीच्या मापाच्या तिप्पट-चौपट, म्हणजे साठलेले क्षार त्याच्याबरोबर खालून वाहून जातात. मी तांब्याने पाणी घालत बसले होते, आणि तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. पाणी ओतल्या ओतल्या खालच्या भोकातून बाहेर येत होतं. इतक्या लवकर ते मातीतून जाणं शक्यच नव्हतं. झाड उलटं करून कुंडी काढली. मातीचा गोळा बाहेरून ओला आणि आत बोट खुपसलं तर कोरडा ठणठणीत होता.

ती आमच्या शेतातली काळी माती होती. कापसाला सोनं, पण कुंडीत वीट. या मातीतली चिकण ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीत ती आकसून कडेपासून सुटते आणि मध्ये फट राहते. पाणी त्या फटीतून घसरून जातं, मुळांपर्यंत पोचतच नाही. आणि पावसाळ्यात उलट होतं: फुगलेल्या चिकणीत पाणी अडून राहतं, हवा शिरत नाही, मुळं कुजतात.

शिरपूरकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी इथल्या नाल्यांवर जे काम केलं, ज्याला सगळा महाराष्ट्र शिरपूर पॅटर्न म्हणून ओळखतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. पाऊस पडतो, पण पाणी न झिरपणाऱ्या थरावरून वाहून जातं. म्हणून नाले रुंद आणि खोल करायचे, तो थर काढायचा, बंधारा घालून पाणी थोपवायचं, मग ते जमिनीत उतरतं. पाणी अडवण्याइतकंच त्याला वाट करून देणंही महत्त्वाचं, हे या तालुक्याने डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या कुंडीत मात्र ती वाट नव्हती.

आता मी काळी माती एक वाटा घेते, जाड वाळू एक वाटा, चांगलं कुजलेलं शेणखत एक वाटा आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट एक वाटा, वर मूठभर निंबोळी पेंड. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, एवढी खूण पुरते. तळाला दगडगोट्यांचा थर घालायची पद्धत मी सोडली. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही. ते खड्यांच्या वरच अडतं आणि चिखल उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापराचा तुकडा ठेवला की माती वाहत नाही, तेवढं बास.

पाणी कधी द्यायचं, ते शेजारच्या काकूंनी एका वाक्यात सांगितलं होतं: "मातीमा बोट घाली देख, मंग पानी दे." बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जाऊ द्यायचं. गार लागलं, माती चिकटली, तर थांबायचं. "आठवड्यातून दोनदा" असा हिशेब शिरपुरात चालत नाही. एप्रिलमध्ये कूलरच्या झोतात असलेली कुंडी दोन दिवसांत वाळते आणि डिसेंबरात तीच कुंडी बारा दिवस ओली राहते. कूलर असलेली खोली झाडांना मानवते, कारण हवा दमट होते. फक्त थेट झोतासमोर ठेवू नये.

रोपं घ्यायला गेलं की महामार्गालगतच्या रोपवाटिकेत पहिला प्रश्न असतो, "हवा शुद्ध करणारं झाड दाखवू का?" हा समज 1989 मध्ये नासासाठी बी. सी. वोल्व्हर्टन यांनी केलेल्या प्रयोगांवरून पसरला. ते प्रयोग छोट्या बंदिस्त पेट्यांमध्ये झाले होते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2019 मध्ये असे जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा दारं-खिडक्यांतून येणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटर जागेत 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. झाड घरात आणावं ते आवडतं म्हणून. तेवढं कारण मला पूर्ण वाटतं.

पण आधी घर बघावं. दुपारी बाराच्या सुमाराला, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद धरा आणि त्याच्यावर वीतभर अंतरावर हात धरा. सावली रेखीव पडली तर तिथे कोरफड चालेल. पुसट पडली तर मनीप्लांट, पीस लिली, सिंगोनियम. सावली जेमतेम कळली तर स्नेक प्लांट नाहीतर झेडझेड. हीही तिथे वाढणार हळूच, पण तग धरतात. पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्यात मी पानदार असं काहीच ठेवत नाही.

झेडझेड पूर्व आफ्रिकेचं. त्याच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि पाणी तिथे साठतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही घर बंद करून माहेरी जातो, तेव्हा मला त्याची काळजी नसते. घरात रांगतं मूल असेल, तर मनीप्लांट, पीस लिली, झेडझेड हाताला येणार नाहीत असे उंच ठेवा. त्यांच्या रसात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि पान चावलं तर तोंडाची आग होते.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी हमखास येतो. पान निस्तेज, त्यावर बारीक फिकट ठिपके. खाली कागद धरून पानाला टिचकी मारली आणि पडलेले तांबूस कण चालायला लागले, तर तोच. मग पानांची खालची बाजू पाण्याने धुवायची, दर तीन दिवसांनी, दोन आठवडे तरी. पानाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापूस पिकवणाऱ्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारते.

पीस लिलीची जळलेली टोकं परत हिरवी होत नाहीत. ती मी कात्रीने पानाच्या आकारात कापली आणि वाट बघितली. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा सगळ्या कुंड्या अंगणात, पत्र्याच्या कडेपासून जरा लांब, ओळीने मांडल्या. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. तासाभराने बघितलं तर काठावरची पांढरी रेघ निम्मी विरघळली होती. पन्हाळीखाली आता दोन मोठे पिंप ठेवलेत, झाकणं लावून, डास होऊ नयेत म्हणून. ते पाणी फक्त कुंड्यांचं.