काळ्या पाषाणाखालचा हिशेब

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजारात हिरव्या मिरचीची गोणी काट्यावर चढते, व्यापारी भाव पुकारतो आणि शेतकरी हातातल्या चिठ्ठीवरचा आकडा दोनदा वाचून पाहतो, तेव्हा किरणोत्साराची आठवण होण्याचे कुणालाच कारण नसते; तथापि मिरचीतल्या पोटॅशियमचा एक अत्यल्प अंश निसर्गतःच किरणोत्सारी असल्यामुळे किलोभर मिरचीत दर सेकंदाला सुमारे १०० अणू विघटन पावत असतात, आणि ती मिरची खाणाऱ्याच्या देहात हीच संख्या काही हजारांच्या घरात जाते.

हा बाजार ज्यात येतो त्या भोकरदन तालुक्याच्या बुडाशी पसरलेला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा असून त्यात युरेनियम व थोरियम फारच थोडे असल्याने, भूमीतून येणाऱ्या गॅमा किरणांपुरते पाहिले तर हा मुलूख देशातील सौम्य प्रदेशांत मोडतो. केरळातील करुनागपल्लीची गोष्ट याच्या नेमकी उलट. तेथील किनाऱ्याच्या वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आहे आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूवर संसार करीत आली आहेत. परंतु सुमारे ७०,००० रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेऊन २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

एवढ्यावरून किरणांना निर्दोषत्वाचा दाखला बहाल करणे मात्र उतावीळपणाचे होईल. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग-कामगारांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत किरणांच्या मात्रेबरोबर कर्करोगाचे मृत्यू वाढताना दिसले, जरी ती वाढ दर १० मिलिग्रे मात्रेमागे अर्ध्या टक्क्याच्याच आसपास होती. अर्धा टक्का म्हणजे दोनशे गोण्यांमागे एक जादा गोणी. आणि ज्या बाजारात रोजची आवकच शेकड्यांनी खालीवर होते, तेथे ती एक गोणी वहीत दिसावी कशी? तंबाखू, आहार, वय यांच्या चढउतारांत अल्पमात्रेचा परिणाम असाच बुडून जातो, आणि शास्त्रज्ञांचा वाद बहुधा या वहीच्या वाचनावरून असतो.

जगातील माणसाला निसर्गाकडून वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते व तिचा निम्मा हिस्सा रेडॉन वायूचा असतो. युरेनियमच्या वंशातला हा वायू चार दिवसांच्या आत निम्मा होतो, पण तेवढ्या अवधीत तो जमिनीच्या भेगांतून खोलीत शिरतो, कोंडला गेला की साचतो, आणि त्याची विघटनोत्पादिते फुप्फुसात चिकटून बसतात. बिडी ओढणाऱ्यास तर त्याचा धोका कित्येक पटींनी अधिक. जुन्या धाब्याच्या घरांच्या छतात धूर जाण्यासाठी झरोका ठेवीत, आणि गवंड्याच्या ध्यानीमनी नसताना त्याच वाटेने रेडॉनही बाहेर पडत असे.