वैमानिकाची चिठ्ठी आणि तिची भाषा

युद्धकाळात नागरिकांचे सहकार्य मिळविण्यासाठी निघालेली बहुतेक पत्रके विमानातून हजारोंच्या संख्येने खाली टाकली जात. एका प्रकारचे पत्रक मात्र वैमानिकाच्या अंगावरच असे. विमान पडून तो अनोळखी मुलखात उतरला, तर भेटेल त्या पहिल्या माणसापुढे ते धरावयाचे. इंग्रजीत यास ‘ब्लड चिट’ म्हणतात. त्यातील ‘चिट’ ही आपली ‘चिठ्ठी’च होय. पहिल्या महायुद्धानंतर मेसोपोटेमियात व हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर उडणारे ब्रिटिश वैमानिक अशा चिठ्ठ्या बाळगीत.

‘फ्लाइंग टायगर्स’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांना 1941–42 मध्ये चीन सरकारने दिलेली चिठ्ठी कापडी होती. हा परदेशी मनुष्य चीनच्या साहाय्यार्थ युद्धास आला आहे, सैनिक व प्रजाजन या सर्वांनी त्याचे रक्षण करावे, एवढाच तिचा आशय. येथे बोलणारे सरकार, ऐकणारी त्याचीच प्रजा आणि वैमानिक केवळ तृतीयपुरुषी. वाक्य आज्ञेचे आहे. बक्षिसाचा उल्लेखही नाही. चिनी लिपीचा एक लाभ असा, की परस्परांचे बोलणे न समजणाऱ्या प्रांतांतही लेख एकच वाचला जातो. अर्थात, गावात वाचणारा कोणी असला तर.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील रेशमी चिठ्ठी निराळी आहे. ब्रह्मी, शान, काचिन इत्यादी अनेक भाषांत छापलेला तिचा मजकूर ‘प्रिय मित्र’ या संबोधनाने उघडतो आणि प्रथमपुरुषात बोलतो: मी आपणांस अपाय करण्यास आलो नाही, जपान्यांना घालविण्यास आलो आहे, साहाय्य केल्यास, जपानी गेल्यावर माझे सरकार पुरेसे बक्षीस देईल. पुरुषातील हा बदल लेखकाच्या लहरीचा नव्हे. 1942 नंतर तेथे ब्रिटिशांची सत्ता उरलीच नव्हती. आज्ञा कोणी कोणास द्यावी? सत्ता गेली तेथे आज्ञेची जागा विनंतीने व वचनाने घेतली.

मराठी वाचकास येथे कौलनामा आठवेल. परंतु कौल देणारा राज्यकर्ता असतो व अभय मागणारी रयत; चिठ्ठीत अभय मागणारा स्वतःच पत्र घेऊन उभा असतो आणि अभय द्यावयाचे ते शेतकऱ्याने.

वचन देणे ही उक्तीच कृती होय, हे ऑस्टिनचे 1962 मध्ये ग्रंथरूपाने आलेले विवेचन सर्वपरिचित आहे. अशी कृती सिद्ध होण्यास बोलणाऱ्याच्या ठिकाणी अधिकार लागतो. चिठ्ठीतील ‘मी’ला तो नाही, तो ‘माझे सरकार’ या कर्त्याकडे बोट दाखवितो. वाक्यात एक अट आहे व एक लाभ आहे; साहाय्य करणाऱ्यास काय भोगावे लागेल, यास त्या व्याकरणात जागाच नाही. ते चीनमध्ये दिसले. एप्रिल 1942 मध्ये डूलिटलच्या तुकडीने टोकियोवर हल्ला केल्यावर तिच्यातील बहुतेक वैमानिक पूर्व चीनमध्ये उतरले व ग्रामस्थांनी त्यांना लपविले. त्यानंतर चेजियांग व जियांगशी प्रांतांत जपानी सैन्याने केलेल्या मोहिमेत मेलेल्या नागरिकांची संख्या चिनी अंदाजानुसार सुमारे अडीच लाख आहे. पुढे चिठ्ठीवर अनुक्रमांक आले. चिठ्ठी वैमानिकाने स्वतःजवळ ठेवावी आणि मदत करणाऱ्यास केवळ क्रमांक द्यावा, अशी सूचना असे. कारण घरात सापडलेला रेशमाचा तुकडा हाच पुरावा.

कोरियन युद्धात जुलै 1950 मध्ये एका उत्तर कोरियन नागरिकाने अमेरिकन विमानाच्या चमूस असेच वाचविले. थोड्याच दिवसांत त्यास पकडून ठार करण्यात आले. त्याच्या मुलास एक लाख डॉलर मिळाले ते 1993 मध्ये.