बायोलॉजी क्लबची सहल आणि आपल्या मुली

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोवंडीत घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "नीटमध्ये किती आले?" मेडिकलला नंबर लागला तर गल्लीत मिठाई वाटली जाते. नाही लागला तर बायोलॉजी घेऊन मुलीने दोन वर्षे वाया घालवली, असे घरचेच म्हणू लागतात. अशाच एका 'वाया गेलेल्या' मुलीची ही हकीकत आहे.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. बैंगनवाडीत राहते. वडील रिक्षा चालवतात, अम्मी घरी बसून जरीचे काम करते. उर्दू शाळेत असताना माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. नीटमध्ये तिचे गुण कमी पडले आणि खाजगी मेडिकल कॉलेजची फी आमच्यासारख्यांनी विचारायचीही नसते. शेवटी तिने हार्बर लाइनवरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. विषय प्राणिशास्त्र.

त्या कॉलेजात मुलामुलींनी चालवलेला एक बायोलॉजी क्लब आहे. हे क्लब म्हणजे नुसती मौजमजा, असा आपल्याकडे समज असतो. म्हणून ते काय करतात ते आधी सांगते. कॉलेजच्या आवारातली झाडे मोजायची आणि प्रत्येकावर नावाची पाटी लावायची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो, त्यात पोस्टर आणि व्याख्याने. पावसाळ्यात रात्री पांढऱ्या चादरीवर दिवा सोडून त्यावर येणारे पतंग पाहायचे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात, त्यात आपल्या कॉलेजची यादी पाठवायची. आणि वर्षातून तीन-चार वेळा बाहेर जायचे. कधी कर्नाळ्याच्या अभयारण्यात, कधी ओहोटीच्या वेळी समुद्राच्या खडकांवर, कधी माहीमच्या निसर्ग उद्यानात. हे उद्यान एके काळी कचऱ्याची जागा होती. धारावीला लागून असलेल्या त्या कचऱ्यावर माती घालून झाडे लावली आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. देवनारच्या डम्पिंगशेजारी राहणाऱ्या आपल्या मुलांनी तर ते एकदा पाहायलाच हवे.

आवारातल्या सगळ्या कामांत ही मुलगी पुढे असे. सहलीची चिठ्ठी मात्र दर वेळी सहीविना परत जाई. कर्नाळ्याला नाही, खडकांवरही नाही. सहलीनंतर प्रत्येकाला अहवाल लिहावा लागतो. मग ती मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेई.

एकदा तोंडी परीक्षेत बाईंनी तिच्या अहवालातल्या खेकड्याच्या चित्रावर बोट ठेवले. चिखलात बिळे करून राहणारा तो छोटा खेकडा. त्यातल्या नराची एक नांगी खूप मोठी आणि दुसरी लहान असते. मोठी नांगी हलवून तो मादीला बोलावतो, दुसऱ्या नरांना धमकावतो. खाण्याचे काम लहान नांगीचे. हिने दोन्ही नांग्या मोठ्या काढल्या होत्या. बाईंनी विचारले, "हा तू पाहिलास?" ती गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही."

ती माझ्याकडे आली तेव्हा गुण गेल्याचे दुःख तिला नव्हते. ती म्हणाली, "टीचर, मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं. ही तर खोटी गवाही झाली ना?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. शाळेत आम्हीच हे शिकवतो. गाइडमधून उतरवा, आकृती पाठ करा. आणि आमच्या दीनमध्ये तर पाहण्यावर किती भर आहे. कुरआन शरीफमध्ये मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावांच्या सूरह आहेत. उंट कसा घडवला आहे तिकडे पाहा, असा इशारा सूरह गाशियामध्ये आहे. पण मुलगी पाहायला निघाली की आपणच दार लावून घेतो.

तेवढ्यात तिसरी चिठ्ठी आली. ऐरोलीला जायचे होते, ठाणे खाडीच्या काठी. मी त्या संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, "मॅडम, डॉक्टर तर होणार नाही. मग चिखलात फिरून काय मिळणार?" अम्मी जरीवरून नजर न उचलता म्हणाली, "चिखल तर आपल्या दारातच आहे."

पण बोलत बसलो तेव्हा कळले, खरी काळजी चिखलाची नव्हती. सोबत कोण असणार? मुलींबरोबर बाई आहेत का? घरी किती वाजता? नमाजचे काय? टॉयलेट आहे का? यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. चूक एवढीच होती, की हे प्रश्न कॉलेजला कोणी विचारलेच नव्हते. मी तिथूनच तिच्या प्राध्यापिकेला फोन लावला आणि सगळे प्रश्न एकेक करून विचारले. त्यांनी न चिडता उत्तरे दिली. शेवटी वडिलांनी अट घातली, "तिची अम्मी बरोबर जाईल, आणि मॅडम तुम्हीही." प्राध्यापिका हसून म्हणाल्या, "जरूर या. बोटीचं तिकीट मात्र तुमचं तुम्ही काढा."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघी गोवंडीहून निघालो. मानखुर्द सोडले की गाडी खाडीच्या पुलावर चढते. वाशीला उतरून ठाण्याची गाडी धरली की ऐरोली. घर ते खाडी, सगळे मिळून दीड तासाच्या आत. हाच तो 'लांबचा प्रवास'.

ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून कांदळवनात जाता येते आणि बोटीतून फ्लेमिंगो पाहता येतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, म्हणून मुले आधी तिवरांच्या झाडांपाशी गेली. तिवराच्या मुळांची टोके चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी वर येतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्यांतून श्वास घेते. प्राध्यापिकेने एक पान जिभेला लावून पाहायला सांगितले. ते खारट लागले. मुळांवाटे आलेले जादा मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते.

चिखलात काहीतरी उडी मारून गेले. एक मुलगा ओरडला, "बेडूक!" तेव्हा इतका वेळ मागे उभी असलेली अम्मी पुढे आली आणि म्हणाली, "बेडूक नाय तो. निवटी आहे."

ती श्रीवर्धनकडच्या एका खाडीकाठच्या गावची. लहानपणी भावांबरोबर ओहोटीला निवट्या धरायला जायची. मग तिने सांगायला सुरुवात केली. निवटीच्या बिळाला एकच तोंड नसते, एकीकडून हात घातला की ती दुसरीकडून निघून जाते. म्हणून दुसरे तोंड आधी पायाने दाबायचे. पाणी चढायला लागले की त्या कुठे जातात, कोणत्या दिवसांत मोठ्या मिळतात, सगळे तिला ठाऊक होते. मुले वह्या काढून लिहू लागली. प्राध्यापिकाही लिहीत होत्या. मग त्यांनी त्यामागचे शास्त्र सांगितले. निवटी हा मासाच आहे. कातडी आणि तोंडाची आतली बाजू ओली असेपर्यंत ती पाण्याबाहेरही श्वास घेऊ शकते, म्हणून चिखलात लोळत राहते. अम्मी म्हणाली, "अस्सं होय! आम्ही म्हणायचो, हिला चिखलाशिवाय करमत नाय."

मुलगी आपल्या अम्मीकडे पाहतच राहिली. आईला हे सगळे येते, हे तिला वीस वर्षांत कळले नव्हते. गोवंडीच्या खोलीत निवटीचा विषय निघणार तरी कधी?

पाणी चढल्यावर बोट सुटली. थोडे अंतर गेल्यावर काठाशी गुलाबी पट्टा दिसला. ते फ्लेमिंगो होते, मराठीत ज्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. इथे त्यांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंच आणि फिकट, लहान रोहित बुटका आणि जास्त गुलाबी. पिल्लू जन्मते तेव्हा करड्या-पांढऱ्या रंगाचे असते. गुलाबी रंग खाण्यातून येतो, पाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जिवांतून. डोके उलटे करून ते पाणी चोचीत घेतात, गाळतात आणि अन्न ठेवून पाणी बाहेर सोडतात. खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला. क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

जुहरची नमाज आम्ही झाडाखाली चटई अंथरून पढलो. क्लबच्या मुलांनी डबे उघडायचे थांबवून आमची वाट पाहिली. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते.

परतीच्या गाडीत प्राध्यापिकेने सलीम अलींची गोष्ट काढली. नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते, गोष्ट क्वचित कोणाला माहीत असते. १८९६ साली मुंबईच्या खेतवाडीत जन्म. आईवडील लहानपणीच वारले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. दहा-बारा वर्षांचे असताना छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मुलाला प्रश्न पडला, अशी चिमणी मुसलमानाला खायला चालते का? तो मामांकडे विचारायला गेला. मामांनी त्याला 'चल, पळ' म्हटले नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. साहेबांनी पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि मुलाचे आयुष्य बदलले. ही सोसायटी १८८३ साली आठ हौशी लोकांनी सुरू केली होती. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्याच मुंबईचे डॉक्टर होते. म्हणजे तोही एक क्लबच होता.

सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, त्यामुळे हवी ती नोकरीही मिळाली नाही. बेकारीच्या दिवसांत ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि घरासमोरच्या सुगरणींची घरटी पाहत बसले. त्या निरीक्षणानेच त्यांचे नाव झाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. आत्मचरित्रात त्यांनी आपल्या लहानपणच्या चेंबूरची, तिथल्या डोंगर-झाडीची आठवण लिहिली आहे. चेंबूर म्हणजे आमच्या शेजारचे स्टेशन!

"ते पुरुष होते, मोठ्या घरचे होते," असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आणखी एक नाव सांगते, जमाल आरा. बिहारमध्ये जन्मलेली ही बाई रांचीकडे राहून पक्ष्यांचा अभ्यास करत असे. शालेय शिक्षण दहावीपर्यंतच झालेले. पक्ष्यांवर तिने नियतकालिकांत लिहिले आणि मुलांसाठी लिहिलेले तिचे 'वॉचिंग बर्ड्स' हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९७० साली छापले. आपल्या मुलींना हे नाव कोणी सांगितलेले नसते.

आता आपल्या दाराकडे पाहू. देवनारचे डम्पिंग १९२७ पासून आहे आणि ते याच ठाणे खाडीच्या काठावर आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा दिवसेंदिवस धूर आपल्या घरांत होता. तिकडे ऐरोलीला गुलाबी पक्षी आणि इकडे आपल्याकडे काळे पाणी, खाडी मात्र एकच. आपल्या बाजूच्या पाण्यात काय जगते, काय मरते, हे मोजायला बाहेरून लोक येतात, फोटो काढतात, जातात. हे काम इथल्याच गल्लीतल्या मुलीने केले तर? तिला धुराचा वासही माहीत आहे आणि निवटीचे बीळही. पण त्यासाठी आधी तिला खाडीपर्यंत जाऊ द्यावे लागेल.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. सहलीची चिठ्ठी आली तर 'नाही' म्हणण्याआधी कॉलेजला फोन करा. सोबत महिला प्राध्यापक किती, परतीची वेळ काय, टॉयलेटची सोय आहे का, हे निःसंकोच विचारा. नीट उत्तर मिळाले नाही तर सही करू नका, तो तुमचा हक्क आहे. मिळाले तर सही करा. जमत असेल तर एकदा आईनेही बरोबर जावे. ज्या घरांची मुळे कोकणातल्या किंवा देशावरच्या गावात आहेत, तिथल्या आई-नानीला झाडे, मासे, पाखरे यांची नावे माहीत असतात. ती मुलांनी विचारून वहीत लिहून घ्यावीत. लहान मुले असतील तर रविवारी सकाळी पंधरा मिनिटे गच्चीवर उभे राहून पक्षी मोजा. गोवंडीतही घार, कावळा, कबुतर, चिमणी, बगळा एवढे तर नक्की दिसतील. वही आणि पेन सोडून त्याला काही खर्च नाही.

मागच्या आठवड्यात ती मुलगी आपला नवा अहवाल दाखवायला आली होती. खेकड्याचे चित्र पुन्हा काढले होते. एक नांगी मोठी, एक लहान. खाली पाहिल्याची तारीख, जागा आणि ओहोटीची वेळ. निवटीच्या पानावर माहिती देणाऱ्याचे नाव लिहायचे असते, तिथे तिने आपल्या अम्मीचे नाव लिहिले होते.

वडिलांनी ते वाचले आणि विचारले, "पुढची सहल कधी आहे?"