मेंदूत साठणारे लोह

आपल्या भागात लोहाची गोष्ट निघते ती बहुधा कमतरतेची. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यात रक्तक्षय फार आढळतो. तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत, हे आम्ही आधीच सांगतो. परंतु काही थोड्या घराण्यांत याच्या उलट प्रकार असतो.

मलप्रभेच्या कालव्याखाली निचरा नसलेली काळी जमीन खारवट होते, हे आपण पाहतोच. शरीरालाही जादा लोह बाहेर टाकण्याची वाट नाही. अन्नातून रोज १-२ मिलिग्रॅम लोहच आत घेतले जाते. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक रोगात ते जास्त शोषले जाऊन यकृत, स्वादुपिंड व हृदयात साठते. युरोपात हा रोग बराच आढळतो, भारतात क्वचित. त्यात मेंदूवर परिणाम होतो तो बहुधा यकृत निकामी झाल्यावर. रोगी गुंगतो, भ्रमतो. वेळीच कळल्यास ठरावीक काळाने रक्त काढून साठा उतरवता येतो.

दुसऱ्या प्रकारात लोह थेट मेंदूत, हालचाली सांभाळणाऱ्या खोल भागात साठते. पी. के. ए. एन. हा असा एक रोग. त्याचे जनुक २००१ साली सापडले. चालते-बोलते मूल अडखळून पडू लागते, हातपाय आखडतात, बोलणे जड होते, कधी दृष्टीही मंदावते. एम. आर. आय.च्या चित्रात वाघाच्या डोळ्यासारखी खूण दिसते. येथे अंगातले लोह वाढलेले नसते. म्हणून रक्त काढून किंवा पालेभाजी बंद करून काही साधत नाही. रोग समूळ बरा करणारे औषध अजून नाही, पण आखडणे कमी करता येते.

हा दोष आई व बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडते. आईबाप स्वतः धडधाकट असतात. मात्र त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक इतका धोका राहतो. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात तोच दोष दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. चर्चच्या कायद्यातही अशा लग्नाला मनाई आहे. ते विशेष परवानगीशिवाय होत नाही. जमीन घरात राहावी म्हणून नात्यात सोयरीक करण्यापूर्वी घराण्यात असे मूल होते का, याची चौकशी करावी व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अशा मुलाला बाधा झाली म्हणून गावोगाव फिरवू नये. हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्समध्ये दाखवावे. दोष कोणाच्या पापाचा नव्हे; आईला बोल लावू नये.